निसर्गचित्रावर लिहिताना महिना आणि वेळ हवीच

निसर्गचित्रावरच्या लेखात स्थळाबरोबर महिना, वेळ आणि माध्यम यांची नोंद असलीच पाहिजे. इस्लामपूरच्या आसपासचा, कृष्णा-वारणेमधला मुलूख घ्या. दिवाळीपर्यंत उभा ऊस नजर अडवतो; तोड झाली की त्याच बांधावरून दूरचे डोंगर दिसू लागतात आणि काळी माती उघडी पडते. जलरंगाचा ओला थर एप्रिलच्या उन्हात झटकन सुकून कडा धरतो, श्रावणात तो कितीतरी वेळ पसरत राहतो. म्हणजे चित्राची रचना आणि पोत या दोन्हींवर हंगामाचा हात असतो.

चित्र स्वतःच बोलते, चित्रकार काही मोजणीदार नव्हे, असा आक्षेप येतो. तो अर्धा खरा आहे. पण स्थळकाळ ठाऊक असला तरच चित्रकाराने काय गाळले आणि काय वाढवले, हे कळते. क्लोद मोने यांनी १८९०-९१ मध्ये शेतातल्या गंजी वेगवेगळ्या प्रकाशात रंगवल्या. तिथे वेळ हाच विषय होता. कोल्हापुरात आबालाल रहिमान (निधन १९३१) यांनी कोटितीर्थाचा परिसर रंगवला. त्यांच्या चित्रांविषयी ‘तरल रंग’, ‘काव्यमय छटा’ एवढेच सांगणारा लेख अपुरा आहे.