डब्लिनर्स : एका गाणाऱ्या मंडळीची पन्नास वर्षे



गाणारी मंडळी म्हणजे नेमके काय? तिच्यातली माणसे, की तिचे गाणे? माणसे तीच राहिली तर हा प्रश्न कोणाला पडत नाही. पण एकजण सोडून जातो, दुसरा अंथरुणाला खिळतो, तिसऱ्याला मृत्यू नेतो, आणि तरीही फलकावरचे नाव तेच राहते. तेव्हा मात्र हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. आयर्लंडच्या राजधानीत, म्हणजे डब्लिन शहरात, १९६२ साली अशी एक मंडळी उभी राहिली आणि २०१२ पर्यंत पन्नास वर्षे गात राहिली. या अवधीत तिच्यात कितीतरी अदलाबदल झाली. ती कशी झाली आणि मंडळींनी ती कशी निभावली, हे आज आपण पाहू.

डब्लिनमध्ये मेरियन रो नावाच्या रस्त्यावर ओडॉनह्यूज नावाचा एक पब आहे. पब म्हणजे मद्यगृह खरे. पण आयर्लंडात ते गावच्या चावडीसारखे बसण्याबोलण्याचे ठिकाणही असते. तेथे संध्याकाळी चार मित्र जमत आणि गात-वाजवीत बसत. कोणी त्यांना बोलावले नव्हते, की बिदागी ठरवली नव्हती. रॉनी ड्रू, ल्यूक केली, बार्नी मॅकेना आणि किअरन बर्क अशी त्यांची नावे. चौघांनाही भरघोस दाढ्या, आणि पुढे त्या दाढ्याच मंडळीची खूण होऊन बसल्या.

चौघांची शिदोरी मात्र वेगवेगळी होती. ड्रू काही काळ स्पेनमध्ये इंग्रजी शिकवीत होते. तेथे ते तिकडच्या ढंगाची गिटार शिकून आले. त्यांचा आवाज खडबडीत, वाळूवरून गाडी ओढावी तसा! केली डब्लिनच्या कष्टकरी वस्तीत वाढले. पोटासाठी इंग्लंडात गेले, तेथील लोकगीतांच्या मंडळांत बसू लागले आणि मजुरांची, खाणकामगारांची गाणी घेऊन परतले. बर्क यांना आयरिश भाषा चांगली येत होती. ते त्या भाषेतली गाणी गात आणि टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची साधी बासरी वाजवीत.

मॅकेना यांची गोष्ट तर फारच गमतीची. त्यांना हवे होते मँडोलिन. पण ते घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून त्यांनी बँजो हाती घेतला. चार तारांचा टेनर बँजो तेव्हा जाझ संगीतात चाले आणि त्याच्या तारा निराळ्या लावीत. मॅकेना यांनी त्या व्हायोलिनच्या चार तारांप्रमाणे लावल्या; फक्त एक सप्तक खाली. यामुळे झाले काय? व्हायोलिनवर शेकडो वर्षे वाजत आलेल्या नाचाच्या चाली त्याच बोटांनी बँजोवर उतरू लागल्या. दिसायला ही लहानशी युक्ती. पण तिच्यामुळे परके वाद्य घरचे झाले.

आरंभी या मंडळीचे नाव 'रॉनी ड्रू बॅलड ग्रुप' असे होते. बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारे गीत. मंडळीला आपले नाव द्यावे हे ड्रू यांना रुचेना. त्या सुमारास केली जेम्स जॉइस यांचा १९१४ साली निघालेला 'डब्लिनर्स' हा कथासंग्रह वाचीत होते. तेच नाव सर्वांना पसंत पडले. डब्लिनर्स म्हणजे डब्लिनकर. नाव एका माणसाचे न राहता गावाचे झाले, आणि पुढल्या पन्नास वर्षांत त्याचा मोठाच उपयोग झाला. कारण माणूस गेला तर माणसाचे नाव चालवणे कठीण. गावाचे नाव मात्र कोणीही गावकरी चालवू शकतो.

पहिला बदल लवकरच झाला. १९६४ मध्ये केली पुन्हा इंग्लंडात गेले. जॉन शीहन आणि बॉबी लिंच हे दोघे मध्यंतरात येऊन वाजवीत आणि उत्तरार्धातही थांबत. ते आता मंडळीत आले. १९६५ मध्ये केली परतले, तेव्हा लिंच बाहेर पडले. शीहन मात्र राहिले. हे शीहन व्हायोलिनवादक. लोकसंगीतात त्याच वाद्याला फिडल म्हणतात. बाकीचे कानाने शिकलेले, तर शीहन यांना रीतसर संगीतशिक्षण मिळालेले. गंमत अशी की, 'तू आमच्यात ये' असे आपल्याला कोणी कधीच औपचारिकपणे विचारले नाही, असे ते स्वतः सांगत. विचारले नाही आणि पन्नास वर्षे गेली!

१९६७ साली मंडळीचे नाव देशाबाहेर गाजले. 'सेव्हन ड्रंकन नाइट्स' हे त्यांचे गाणे ब्रिटनच्या खपाच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढले. दारू पिऊन घरी येणारा नवरा रोज रात्री काहीतरी संशयास्पद पाहतो आणि बायको त्याला काहीतरी बतावणी करून गप्प करते, असे ते विनोदी गाणे. नावात सात रात्री. पण उरलेल्या दोन फारच धीट असल्यामुळे मंडळी पाचच रात्री गात! तरीसुद्धा आयर्लंडच्या सरकारी नभोवाणीने ते गाणे लावले नाही. समुद्रात जहाजावरून चालणाऱ्या रेडिओ कॅरोलाइन या बिनपरवाना केंद्राने ते पुन्हापुन्हा लावले आणि ते घरोघर पोचले.

यशाच्या काळात मंडळी एकत्र राहते, यात नवल नाही. कसोटी लागली १९७४ मध्ये. त्या वर्षी किअरन बर्क यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि डावे अंग लुळे पडले. बासरीला तर दोन्ही हात लागतात. त्याच वर्षी ड्रू यांनीही मंडळी सोडली आणि त्यांच्या जागी जिम मॅकॅन आले. पाचांपैकी दोघे एकाच वर्षी उणे झाले.

आता येथे जे घडले ते नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. ड्रू आपखुशीने गेले होते, म्हणून त्यांची जागा भरली. ते १९७९ मध्ये परत आले आणि मॅकॅन यांनी निरोप घेतला. बर्क मात्र आपखुशीने गेले नव्हते. त्यांची जागा ते जिवंत असेपर्यंत मंडळींनी रीतसर भरली नाही. इतकेच नव्हे, तर त्यांना त्यांचा पैसा अखेरपर्यंत देत राहिले. १९८७ मध्ये आयरिश दूरचित्रवाणीवर मंडळीच्या पंचविसाव्या वर्षाचा समारंभ झाला, तेव्हा बर्कही आपल्या माणसांत हजर होते. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, ते वारले. चौदा वर्षे एक खुर्ची त्यांच्या नावाने राहिली. करारात असे काही लिहिलेले नसते, बरे का!

दुसरा घाव ल्यूक केली यांचा. १९८० मध्ये कॉर्क शहरात कार्यक्रम चालू असतानाच ते कोसळले. मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाल्या, आणि अंगात बळ असेल तेव्हा ते पुन्हा रंगमंचावर उभे राहत. नसेल तेव्हा गाणार कोण? यासाठी १९८२ मध्ये गॉलवेकडचे शॉन कॅनन आले. आजारी गायकाला हटवून नवा बसवला, असे झाले नाही. जुना आहे तोवर नव्याने त्याला हात दिला. ३० जानेवारी १९८४ रोजी केली गेले. कवी पॅट्रिक कॅव्हना यांची 'ऑन रॅग्लन रोड' ही कविता केली यांच्या गळ्यातूनच लोकांपर्यंत पोचली. कवीने स्वतः ती त्यांना गायला सांगितली होती. आज डब्लिनमध्ये केली यांचे दोन पुतळे आहेत. दोन्ही २०१९ मध्ये उभारले.

पुढे गिटारवादक एमन कॅम्बेल मंडळीत आले. ड्रू १९९५ मध्ये दुसऱ्यांदा गेले आणि पॅडी रायली आले. २००५ मध्ये रायली यांच्या जागी पॅट्सी वॉचॉर्न आले. २००२ मध्ये चाळीस वर्षे पुरी झाली, त्या निमित्ताने ड्रू आणि मॅकॅन हे दोघे जुने गडी पुन्हा सर्वांबरोबर गायले. म्हणजे सोडून गेलेल्यालाही दार बंद नव्हते. ड्रू २००८ मध्ये वारले.

शेवटी मूळच्या चौघांपैकी बार्नी मॅकेना तेवढे उरले. पन्नासाव्या वर्षाचा दौरा चालू असताना ५ एप्रिल २०१२ रोजी तेही गेले. ठरलेले कार्यक्रम जेरी ओकॉनर यांना बँजोवर घेऊन पार पाडले. मग शीहन यांनी ठरवले की वर्ष सरताच हे नाव खाली ठेवायचे. त्या डिसेंबरात डब्लिनच्या व्हिकर स्ट्रीट सभागृहात निरोपाचे कार्यक्रम झाले. उरलेल्यांपैकी काहींनी गाणे चालू ठेवले; पण 'डब्लिन लेजंड्स' या नव्या नावाने.

तर मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? मंडळी म्हणजे केवळ माणसे असती, तर ती १९७४ मध्येच संपली असती. केवळ गाणी असती, तर २०१२ नंतरही तेच नाव चालवता आले असते; गाणी तर सर्वांना पाठ होती. मला वाटते, आलेल्याला जागा देणे, पडलेल्याची जागा राखणे, गेलेल्याला परत येऊ देणे आणि वेळ झाली की नाव सन्मानाने उतरवणे, या चार गोष्टींनी ती मंडळी झाली होती. शाळा, मंडळे, संस्था चालवणाऱ्यांना यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

आणि वारसा म्हणाल, तर तो पुतळ्यांपेक्षा एका साध्या गोष्टीत अधिक आहे. आज आयर्लंडात कोणी मुलगा अथवा मुलगी लोकसंगीतासाठी टेनर बँजो हाती घेते, तेव्हा तारा बहुधा व्हायोलिनसारख्याच, एक सप्तक खाली लावते. मँडोलिनला पैसे नव्हते म्हणून बँजो घेतलेल्या माणसाचे नाव त्या मुलाला ठाऊक असेलच असे नाही. पण तार लागली की तो माणूस तेथे असतोच.