मागच्या चाकातली टकटक

घरातले आवाज ओळखायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. कुकरची तिसरी शिट्टी आतल्या खोलीतूनही बरोबर मोजली जाते. मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही, हे पहिल्याच घरघरीला कळतं. शिलाई मशीनचा सूर बदलला की सुईकडे हात जातो. मग हाच तयार कान गाडीत बसल्यावर का बरं गप्प होतो?

मागून 'टक्... टक्... टक्' येतंय, हे ऐकू तर येतं. पण घरी सांगावं तर उत्तर ठरलेलं, "जुनी गाडी आहे, आवाज यायचाच." गॅरेजमध्ये सांगावं तर, "ताई, ठेवून जा, बघतो." शेवटी काय होतं? गाण्यांचा आवाज जरा वाढवायचा आणि विसरून जायचं!

मैत्रिणींनो, ही टकटक विसरण्यासारखी नसते. तिचं कारण कधी टायरच्या खाचेत बसलेला एक खडा असतो. पेचकसाने काढला की मिनिटात काम फत्ते. पण तीच टकटक चाकाचे नट सैल झाल्याचीही असू शकते, आणि तसंच पुढे रेटलं तर चाक निखळायची वेळ येते. आवाज लहान की मोठा, यावरून हा फरक कळत नाही. तो कळतो आवाज 'कधी' येतो यावरून. आजची सगळी गोष्ट या 'कधी'चीच आहे.

रस्ते आपले असे...

आपल्या धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद) गाडी चालवणाऱ्या बायका आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. कुणी शाळेत शिकवायला जातं, कुणी आरोग्य केंद्रात, कुणी बँकेत. नळदुर्ग-उमरग्याकडून हैदराबादला जाणारा आणि सोलापूर-तुळजापूर-येडशीवरून बीडकडे जाणारा, असे दोन मोठे महामार्ग जिल्ह्यातून जातात. पण ते सोडून गावाच्या फाट्याला वळलं की खडी आणि मुरूम सुरू. आपली खडी काळ्या पाषाणाची, टणक आणि धारदार. ती टायरच्या नक्षीत अशी रुतून बसते की हलत नाही. त्यातून जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ताही तिच्याबरोबर वरखाली होतो. याचा मार चाकं, स्प्रिंगा आणि रबरी बुश यांच्यावर बसतो. पावसाळ्यात चाकाच्या आतल्या बाजूला चिखल बसून वाळतो, तर काढणीच्या दिवसांत रस्त्यावर पडलेलं काड गाडीखाली गुंडाळलं जातं. एवढं सगळं सोसल्यावर चाकाने तक्रार केली तर नवल ते काय!

आधी आपली गाडी ओळखा

अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट या गाड्यांत इंजिन पुढची चाकं फिरवतं. मागचा अ‍ॅक्सल फक्त वजन पेलतो, चाकं आपली ओढली जातात. त्यामुळे मागे संशयित मोजकेच : टायर, नट, ब्रेकचा ड्रम, बेअरिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि त्यांचे बुश.

ओम्नी, ईको, बोलेरो, सुमो यांचं तसं नाही. तिथे इंजिनाची ताकद एका लांब दांड्यातून मागे जाते. हा प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या सांध्यांना गॅरेजमध्ये 'क्रॉस' म्हणतात. दांडा जिथे मागच्या अ‍ॅक्सलला मिळतो, तिथे डिफरन्शियलचे दाते असतात. म्हणजे वरच्या यादीत क्रॉस आणि डिफरन्शियल ही दोन नावं वाढली.

आणखी एक. पत्र्यातून आवाज फिरतो आणि कानाला फसवतो. अल्टोसारखी गाडी स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढे घेताना टकटकत असेल, तर मागे शोधत बसू नका. तो बहुतेक वेळा पुढच्या चाकाच्या अ‍ॅक्सलचा सांधा असतो.

पहिलं काम तर अगदी घरगुती. डिकी रिकामी करा! सैल स्टेपनी, जॅक, पाना, पाण्याची बाटली यांनी भल्याभल्यांना चकवलंय. मागच्या दारात सीटबेल्टचं बक्कल अडकून बाहेर राहिलं तर तेही पत्र्यावर टकटकत राहतं. एवढं बघूनही आवाज राहिला, तर पुढचे चार प्रश्न.

कधी येतो आवाज?

पहिला प्रश्न : वेगाबरोबर टकटक वाढते का? गाडी हळू तर टकटक हळू, गाडी जोरात तर टकटकही जोरात. असं असेल तर फिरणाऱ्याच वस्तूचा दोष. खडा, खिळा, सैल व्हील कॅप, सैल नट किंवा ड्रमच्या आत तुटून पडलेली ब्रेकची छोटी स्प्रिंग. बेअरिंग खराब झालं की आधी बहुधा घूंऽऽ असा आवाज येतो आणि वळणावर तो कमी-जास्त होतो. ते फारच खाल्लं गेलं की कटकट सुरू होते. गाडी जागेवर उभी असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही तोच आवाज येत असेल, तर चाकं निर्दोष. इंजिन किंवा सायलेन्सरकडे बघा.

दुसरा प्रश्न : फक्त खड्ड्यात, गतिरोधकावर येते का? मग शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे बुश, पाटे असतील तर पाट्यांचे बुश, तुटलेलं पान, किंवा सायलेन्सर टांगलेलं रबर.

तिसरा प्रश्न : ब्रेक दाबल्यावरच येते का? मग मागचा ड्रम उघडायला लावा. ड्रम खरवडून गुळगुळीत करताना कधीकधी आत स्क्रूच्या आट्यांसारखी बारीक रेघ राहते. ब्रेक दाबला की शू त्या रेघेवर सरकतो आणि 'टक्' करून परत जागेवर येतो.

चौथा प्रश्न : गाडी निघताना, किंवा रिव्हर्समधून पुढच्या गिअरला घेताना एकदाच 'टक्' होतं का? ओम्नी-बोलेरोच्या जातीच्या गाडीत हे क्रॉस झिजल्याचं नेहमीचं लक्षण. धावताना अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आवाज बदलत असेल, तर संशय आणखी पक्का.

खडूची खूण

आता एक छान युक्ती. कडेच्या मोकळ्या, सपाट मैदानात गाडी न्या. मागच्या टायरवर खडूने जाड रेघ ओढा. एकीने गाडी पायी चालण्याच्या वेगाने चालवायची, दुसरीने चार हात दूर राहून बरोबर चालायचं आणि मोजायचं. रेघ एकदा खाली आली की एकदा 'टक्' होतं का? मग दोष टायरमध्ये, नटांमध्ये किंवा ड्रममध्ये. एका फेऱ्यात चार-पाच वेळा टकटक होते का? मोठ्या गाडीत चाक एकदा फिरतं तेव्हा प्रोपेलर शाफ्ट साधारण चार ते पाच वेळा फिरतो. म्हणजे मग शाफ्टकडे बघायचं. लहान चाकाच्या गाडीचा एक फेरा जेमतेम पावणेदोन मीटरचा. म्हणून ताशी दहा किलोमीटर वेगातही चाक सेकंदाला दीड फेरा घेतं. मोजायचं तर त्याहून हळूच चालवायला हवं.

हे मोजमाप फुकट आहे, आणि गॅरेजमधला अर्धा दिवस वाचवतं, बरं का!

आपल्या हाताने काय करायचं?

खडा असेल तर पेचकसाने अलगद काढा. खिळा मात्र ओढू नका, हवा जाईल. स्टेपनी लावा किंवा जवळच्या पंक्चरवाल्याकडे हळूहळू न्या. अ‍ॅक्सलला गुंडाळलेलं काड इंजिन बंद करून आणि सगळं थंड झाल्यावरच काढा. सायलेन्सर तापलेला असतो, आणि वाळलेलं काड पेटायला वेळ लागत नाही. चाकाच्या आत वाळलेला चिखल पाण्याने धुऊन काढा.

नट पान्याने तपासायला लागतात दोन मिनिटं. पंक्चर काढून आल्यावर तर हे नक्की करा. पाच नट असतील तर रांगोळीत हात न उचलता चांदणी काढतो ना, त्याच क्रमाने आवळायचे. चार असतील तर समोरासमोरचे. चाक खाली टेकल्यावर एकदा पक्के करायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा बघायचे. पान्यावर उभं राहून दाबायचं नाही, बोल्टचे आटे जातात. नट सैल होऊन बोल्ट तुटलेला दिसला, किंवा चाकाची भोकं लांबट झालेली दिसली, तर गाडी तिथेच उभी करा. "एवढं गावापर्यंत जाऊ" हे अशा वेळी चालत नाही. पुढे तुळजापूरचा घाट असेल तर मुळीच नाही.

ड्रम, बेअरिंग, क्रॉस ही कामं मिस्त्रीची. तुटलेली स्प्रिंग बदलताना दोन्ही बाजूंचे ब्रेक शू तपासून घ्यायला सांगा. शू बदलायचे तर दोन्हीकडचे एकदम, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. खराब बेअरिंग नुसतं ग्रीस भरून सुधारत नाही, बदलावंच लागतं. झिजलेल्या क्रॉसचंही तसंच. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. तुम्ही नाही, घरचा मुलगा नाही आणि मिस्त्रीकडचा पोरगाही नाही. खाली भक्कम स्टँड आणि टेकलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड, हे पाहिजेच.

मिस्त्रीशी बोलताना

"मागून कसला तरी आवाज येतोय" असं सांगितलं की गाडी ठेवून जावं लागतं, आणि संध्याकाळी काय काय बदललं त्याची यादी हातात पडते. त्याऐवजी असं सांगून बघा : "दादा, मागच्या डाव्या चाकातून येतोय. चाकाच्या एका फेऱ्याला एक टक्. ब्रेक दाबला की बंद होतो. खड्ड्याचा संबंध नाही. नट मी आवळून बघितलेत." एवढं ऐकल्यावर मिस्त्री थेट ड्रमच उघडणार! काम सुरू होण्याआधी त्याला शेजारी बसवून एक चक्कर मारा, आवाज त्यालाही ऐकवा. जुना सुटा भाग परत मागा. गाडी ताब्यात घेण्याआधी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने पुन्हा चक्कर मारा. यात भांडण नाही की अविश्वास नाही. कापड घेताना आपण पदर उलगडून बघतोच की!

"हे बाईमाणसाचं काम नाही" म्हणणारे भेटतीलच. त्यांना एक जुनी गोष्ट सांगा. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाईने दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत मोटार नेली. अंतर साधारण शंभर किलोमीटर. मोटारीने एवढा लांबचा प्रवास त्याआधी कुणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा गावातल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातली दुरुस्ती एका बाईच्याच देखरेखीखाली झाली! आणि एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या मराठवाड्याच्या, परभणीच्या शीला डावरे १९८८ मध्ये पुण्यात रिक्षा चालवू लागल्या, तेव्हा या धंद्यात बाई दिसणंच अप्रूप होतं.

तेव्हा येत्या रविवारी तासभर काढा. डिकी रिकामी करा, टायरच्या खाचा बघा, नटांना पाना लावा, आणि गाणी बंद ठेवून गावाबाहेर एक चक्कर मारून या. काही ऐकू आलं नाही तर उत्तमच. निरोगी गाडीचा आवाज कसा असतो, ते कानात बसेल. आणि टकटक ऐकू आलीच, तर ती कधी येते ते कागदावर लिहून ठेवा. सोमवारी मिस्त्रीच्या हातात चावीबरोबर तो कागदही द्या.