मोजमापाच्या गोष्टी – लेखांक ७ : दोरीवरचं ताट

ज्वारीचं रान. कृषी सहायक, तलाठी, कोतवाल, शेतमालक आणि बांधावर उगाच जमलेली चार माणसं. पीक कापणी प्रयोगाचा दिवस आहे. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यात जेवढी निघाली तेवढी पावलं आधी लांबीत आणि मग रुंदीत चालायची आणि तिथे पहिली खुंटी ठोकायची. तिथून दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद असा आयत आखायचा. पीक बदललं की माप बदलतं, पण रीत हीच. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे नजरेच्या अंदाजाने ठरवायचं नाही. कर्णाला टेप लावायची. ११.१८ मीटर भरलं तर पुढे, नाहीतर खुंटी उपटून पुन्हा. पायथागोरस इथे ढेकळांत उतरतो.

मग दोरी ताणतात. आणि बरोबर दोरीवर एक ताट उभं असतं, भरल्या कणसाचं. ते आत की बाहेर?

नियम सोपा आहे. बुंधा अर्ध्याहून जास्त आत असेल तर आत, नाहीतर बाहेर. पण वाकून विळा चालवणाऱ्या माणसाला असलं टपोरं कणीस बाहेर सोडवत नाही. तो लबाड नसतो. हातच आत ओढतो. (पीक विम्याचं साल असेल तर शेतकऱ्याला तेच ताट बाहेर हवं असतं, कारण उत्पन्न कमी भरलं तरच भरपाई मिळते. ती हुज्जत वेगळी.)

या ताटाने एकेकाळी भारतातल्या दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांना समोरासमोर उभं केलं. एक कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस. दुसरे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जे तेव्हा दिल्लीत कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी शाखेचं काम पाहत होते. महालनोबिस यांनी बंगालच्या पाहण्यांत अगदी लहान गोल तुकडे कापून घेतले. तुकडा लहान असला की काम झटपट होतं, खर्च वाचतो आणि जास्त शेतं पाहता येतात. सुखात्म्यांनी उलट बाजू धरली. लहान तुकड्यावरून काढलेलं उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येतं, असं त्यांनी शेतावरच्या प्रयोगांवरून दाखवलं आणि १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं.

कारण समजायला कागद-पेन्सिल पुरे. दहा बाय पाचच्या आयताचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर, परिमिती ३० मीटर. म्हणजे दर चौरस मीटरमागे ६० सेंटिमीटर कड. आता एक बाय एक मीटरचा चौकोन घ्या: क्षेत्रफळ एक चौरस मीटर, कड चार मीटर. तुकडा जितका लहान, तितकी त्यात कडच जास्त. आणि चूक कडेलाच होते. प्रत्येक कापणारा दोन-चार ताटं आत ओढणार हे गृहीत धरलं, तर मोठ्या तुकड्यात ती चूक विरघळते. लहान तुकड्यात ती सगळा हिशेब खाते. पुढे त्या तुकड्यावरून हेक्टरी, तालुकावार, राज्याचं उत्पन्न काढायचं म्हटल्यावर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

महालनोबिस यांची बाजूही पोकळ नव्हती. कापणी करणारी माणसं कायमची, शिकवून तयार केलेली असतील तर लहान तुकडाही चालतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सुखात्म्यांना मात्र हे काम महसूल आणि शेती खात्याच्या गावपातळीवरच्या माणसांकडून करून घ्यायचं होतं. म्हणजे वाद वरवर गणिताचा दिसला, तरी तळाशी प्रश्न विळा कोणाच्या हातात आहे हा होता.

शेतीतली ही कड वैद्यकातही भेटते, फक्त तिथे ताटाच्या जागी श्वास असतो.

तान्ह्या मुलाला न्यूमोनिया झाला आहे का, हे खेड्यात ओळखायचं कसं? एक्स-रे नाही, डॉक्टर नाही. ‘डब्बा झाला’ म्हणेपर्यंत लेकराची छाती आत ओढू लागलेली असते आणि बराच उशीर झालेला असतो. त्याआधीची खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त पडले, त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० किंवा जास्त, तर न्यूमोनिया धरून चालायचं. आता ही मोजणी गावच्या सुईणीने करायची, आणि तिला तर पन्नास-साठपर्यंत आकडे येत नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने यावर एक साधं यंत्र बनवलं: एका पट्टीवर मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आधी हिरवे मणी, शेवटी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर औषध सुरू.

या यंत्राची गंमत अशी की कड कुठे आहे हे ठरवण्याचं काम त्याने सुईणीच्या डोक्यातून काढून मण्याच्या रंगात घातलं. शेतातल्या कर्णाच्या ११.१८ मीटरने जे केलं तेच. गावातच न्यूमोनिया ओळखून गावातच उपचार केल्यावर बालमृत्यू घटले. तो अहवाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नंतर ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत नवजात बाळांना घरी जाऊन तपासू लागल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. हा निष्कर्ष १९९९ चा, पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच.

पण टक्केवारी काढायला आधी मृत्यू मोजावे लागतात, आणि तिथे आणखी एक दोरी ताणलेली असते. घरात जन्मून पहिल्याच दिवशी गेलेलं, बारसंही न झालेलं बाळ कोणत्या वहीत लिहायचं? जन्माच्या, मृत्यूच्या, की कोणत्याच नाही? २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून प्रत्यक्ष गावांत मोजणी केली होती. सरकारी नोंदींत दिसत होते त्यापेक्षा बालमृत्यू कितीतरी जास्त निघाले. शेतातलं ताट आत ओढलं जातं. ही बाळं बाहेर ढकलली गेली होती.

समाजशास्त्रीय संशोधनात तर अख्खा वाद दोरी कुठे ताणायची यावरच चालतो. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. इथे ‘ताट’ शब्द दुसऱ्या अर्थाने येतो. माणसाला रोज २२५० उष्मांक मिळतील एवढं ताटात पडायला किती खर्च करावा लागतो, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९६०-६१ च्या आकड्यांवरून काढलं. उत्तर आलं: खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. या रेषेखाली ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक होते.

आणि याला आव्हान कोणी द्यावं? त्याच सुखात्म्यांनी. दरम्यान ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचं मोठं पद सांभाळून पुण्यात परतले होते. त्यांचं म्हणणं असं: एकाच निरोगी माणसाचं शरीरही रोज सारखं अन्न मागत नाही. कमी खाल्लं तर काही मर्यादेपर्यंत ते निभावून नेतं. म्हणून सरासरी गरजेच्या खाली जाणारा प्रत्येकजण उपाशी धरू नका. रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढा, आणि जे खाल्लं जातं ते अंगी लागावं म्हणून स्वच्छ पाणी आणि शौचालयांकडे पाहा. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. माणूस कमी खातो तो शरीर जुळवून घेतं म्हणून नव्हे, हातात पैसा नाही म्हणून, हा त्यांचा मुद्दा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा वाद नियतकालिकांतून चांगलाच तापला.

आज मागे वळून पाहताना दांडेकरांचं पारडं जड वाटतं. शरीर निभावून नेतं खरं, पण कशाच्या बदल्यात? खुरटलेली उंची आणि कमी पडलेली मेहनत त्या रेषेत कुठेच येत नाही. पाणी आणि शौचालयांबद्दल मात्र सुखात्मे काळाच्या पुढे होते. पोट बिघडलेल्या मुलाला दुप्पट वाढलं तरी ते अंगी लागत नाही, हे पुढे सगळ्यांनाच मान्य करावं लागलं.

भौतिकशास्त्रात तरी माणसाचा हात मध्ये येत नसेल, असं वाटतं. त्यासाठी नारायणगावजवळच्या खोडदला जावं. टोमॅटो-कांद्याच्या रानांमध्ये ४५ मीटर व्यासाच्या तीस प्रचंड थाळ्या, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या. काही एकमेकींजवळ, बाकीच्या २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या भरीव पत्र्याच्या न करता बारीक तारेच्या जाळीच्या केल्या. जाळीचं छिद्र एक-दोन सेंटिमीटरचं आणि पकडायच्या लहरी त्याहून कितीतरी लांब, त्यामुळे त्या निसटत नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त झाला.

अडचण दुसरीच. विजेच्या तारेवरची ठिणगी, मोबाइलचा मनोरा, बिघडलेला टीव्ही बूस्टर यांचा रेडिओ गोंगाट आकाशातून येणाऱ्या संदेशापेक्षा अतिप्रचंड असतो. एक उपाय अंतराचा: एका थाळीजवळची ठिणगी वीस किलोमीटरवरच्या थाळीला ऐकू येत नाही, आकाश मात्र दोघींना एकच दिसतं. दोघींनी मिळून जे ऐकलं तेवढंच जमेस धरायचं. तरी उरतो तो गोंगाट हाताने किंवा संगणकाने छाटावा लागतो. कमी छाटला तर ठिणगीलाच दीर्घिका समजण्याचा धोका; जास्त छाटला तर खरी दीर्घिकाही केराच्या टोपलीत.

जानेवारी २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी याच दुर्बिणीतून ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या हायड्रोजनच्या लहरी पकडल्याचं जाहीर केलं. निघाल्या तेव्हा त्यांची लांबी २१ सेंटिमीटर होती. विश्व प्रसरण पावत असल्याने खोडदला पोचेपर्यंत ती ४८ सेंटिमीटर झाली. वाटेत आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं, म्हणून त्या ऐकू तरी आल्या. नाहीतर दोरीच्या कुठल्या बाजूला त्या पडल्या असत्या?

पुढच्या लेखांकात : महाडचा लाल विंचू आणि रक्तदाबाची एक गोळी.