बर्फावरची इरिनाबाई

पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरतो, म्हणून आपण जपून चालतो. पण थंड मुलखातली माणसं बर्फावरून मुद्दाम घसरत जातात. बुटाच्या तळाला ती पोलादी पातं लावतात. त्यावर तोल धरून पळतात, उड्या मारतात, गिरक्या घेतात. याला स्केटिंग म्हणतात. त्यात जोडीचा खेळ फार अवघड. गडी बाईला डोक्यावर उचलतो आणि तसाच बर्फावरून जातो. एकाचा ताल चुकला की दोघंही आपटायची.

या खेळात इरिना रॉडनिना या बाईंनी मोठं नाव काढलं. १९४९ साली रशियात मॉस्को शहरी त्यांचा जन्म झाला. लहानपणी पोर फार अशक्त. सारखा न्यूमोनिया व्हायचा. मोकळ्या हवेत प्रकृती सुधारावी, म्हणून आईबापांनी तिला बर्फावर नेलं. दुखणाईत पोर तिथं रमली. पुढं झुक नावाच्या कडक गुरूनं तिला तयार केलं.

अलेक्सी उलानोव्ह हे त्यांचे पहिले जोडीदार. १९६९ ते १९७२ अशी चार वर्षं ही जोडी जगात पहिली आली. १९७२ च्या ऑलिंपिकमध्येही तिनं सोन्याचं पदक जिंकलं. पण त्याच साली जागतिक स्पर्धेच्या तोंडावर सराव करताना इरिनाबाई उंचावरून पडल्या. डोक्याला जबर मार लागला. तरीही त्या खेळल्या आणि जिंकल्या. नंतर उलानोव्ह आपल्या बायकोबरोबर खेळू लागले. जोडी फुटली.

इरिनाबाई रडत बसल्या नाहीत. अलेक्झांडर झाइत्सेव्ह या नव्या जोडीदाराबरोबर त्यांनी पुन्हा सराव धरला. १९७३ साली ब्रातिस्लाव्हा शहरात जागतिक स्पर्धा होती. खेळ ऐन रंगात आला आणि एकाएकी संगीत बंद पडलं! हा तर तालावरचा खेळ. आता काय करावं? पण दोघं थांबली नाहीत. रोजच्या सरावानं ताल अंगात भिनला होता. संगीताविना त्यांनी खेळ पुरा केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सोन्याचं पदक त्यांनाच मिळालं.

१९७५ साली दोघांचं लग्न झालं. १९७६ साली त्यांनी ऑलिंपिक जिंकलं. १९७९ साली मुलगा झाला. बाळंतपणानंतर बाई पुन्हा बर्फावर उतरल्या आणि १९८० साली तिसरं ऑलिंपिक पदक घेतलं. जागतिक अजिंक्यपद तर त्यांनी ओळीनं दहा वेळा मिळवलं.

मंडळी, संगीत कधी बंद पडेल हे कुणाच्या हाती नसतं. सराव मात्र आपल्या हाती असतो.