धागा तुटला की माग थांबावा

नासाडी म्हटली की आम्ही कापडवाले कात्रीखालच्या चिंध्या पाहतो. खरा तोटा त्याहून मोठा असतो आणि तो सहसा दिसत नाही.

बारामती एमआयडीसीतील टेक्स्टाईल पार्क असो की इंदापूरच्या पेठेतील चार मशिनींचे शिवणकाम, हिशेब एकच. शंभर शर्ट एकदम कापले, शिवले आणि कॉलरचे माप चुकल्याचे शेवटी कळले, तर शंभरही उसवावे लागतात. दहा-दहाचा लॉट तपासून पुढे नेला, तर चूक दहावरच थांबते. कापडात अडकलेले भांडवलही लवकर मोकळे होते. उधारीवर माल उचलणाऱ्याला याची किंमत कळते.

‘लीन’ म्हणतात ती हीच पद्धत. ती मोटार कारखान्याची समजली जाते, पण तिचे मूळ आपल्याच धंद्यात आहे. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबे. पुढे टोयोटा कंपनीत ताइची ओहनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले : जादा उत्पादन, खोळंबा, मालाची फुकट ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, पडून असलेला साठा, कारागिराची व्यर्थ हालचाल आणि सदोष माल. ओहनोंची सुरुवातही टोयोडांच्या कापडधंद्यातच झाली होती.

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगांसाठी लीन योजना आणली. तिच्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकारने उचलायचे ठरले. सुरुवातीला मात्र पैसा लागत नाही. कात्री, दोरा, बटणे यांची जागा ठरवावी, लॉट लहान ठेवावा आणि चूक दिसताच मशीन थांबवण्याची मुभा कारागिराला द्यावी.