घुमटाखालचा काळोख आणि पर्सियसचा सूर
म्हैसूर विद्यापीठाच्या आवारात मार्च २०२२ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तारांगणाची पायाभरणी झाली. त्याचा १५ मीटरचा घुमट एलईडीचा करण्याची योजना मला फार मोलाची वाटते. प्रक्षेपकाच्या घुमटात एका बाजूचा उजेड उसळून समोरच्या बाजूवर पडतो आणि काळे आकाश फिकटते. म्हणूनच ते पडदे मुद्दाम करडे रंगवतात. एलईडी विझला, की तिथे जवळजवळ निखळ काळोख उरतो, आणि अंधुक तारे दाखवायला तोच लागतो.

अशा घुमटाखाली संगीत-चित्रांचे खेळ कशाला, निर्वात पोकळीत आवाज कुठून येणार, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या पर्सियस दीर्घिकासमूहात तप्त, अतिविरळ वायू पसरला आहे आणि त्यातून दाबलहरी जातात. ‘चंद्रा’ दुर्बिणीने टिपलेल्या या लहरींचा सूर २००३ मध्ये जाहीर झाला: पियानोच्या मधल्या ‘सी’खाली तब्बल ५७ सप्तके, एका कंपनाला जवळपास एक कोटी वर्षे! २०२२ मध्ये नासाने तो कानाला झेपेल इतका चढवून ऐकवला. तेव्हा संगीत जरूर असावे. मात्र मोजलेला सूर कोणता आणि संगीतकाराने रचलेला कोणता, हे प्रेक्षकांना तिथेच कळले पाहिजे. त्यासाठी निवेदनातली दोन वाक्ये पुरतात.