डिस्क दिसत नाही? आधी हात आवरा

मे महिना संपला की गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरचा धंदा बसतो. लॉजच्या खोल्या रिकाम्या होतात, शहाळीवाले गाड्या झाकून ठेवतात, मालगुंड-जयगडकडचे आंबेवाले पेट्या मोजून हिशेबाला लागतात. फोटो आणि व्हिडिओचे काम करणारे आमचे एक परिचित याच दिवसांत हंगामातल्या लग्नांचे आल्बम पुरे करायला बसतात. एका पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी कपाटातून हार्ड डिस्कची डबी काढली, वायर लावली, आणि संगणकाने ओळखच दाखवली नाही. त्या डबीत तीन निकाहांचे चित्रण होते. तिन्ही घरांकडून अर्धे पैसे घेतलेले होते आणि कॅमेऱ्याची कार्डे पुसून पुढच्या कामाला वापरलेली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांनी वायर पंधरा-वीस वेळा काढून घातली होती. शेजारी त्यांचा भाचा आपला लॅपटॉप उघडून बसला होता. त्याच्या पडद्यावर डिस्क क्षणभर दिसली आणि वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल अशी सूचना आली. "मामू, फॉरमॅट मारतो. पाच मिनिटांत चालू होईल," तो म्हणाला. डिस्क चालू झालीही असती, पण कोरी होऊन! अशा वेळी 'कॅन्सल' हे एकच बटण आपले. त्या दिवशी आम्ही केलेली सर्वांत मोठी मदत म्हणजे त्याचा हात धरला, एवढीच.

आता हा प्रकार मुळात काय असतो ते पाहू. बाहेरून जोडायच्या डबीत दोन वस्तू असतात. एक खरी डिस्क, जिच्यात गुळगुळीत चकत्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि त्यांच्यावरून वाचणारी सुई, जिला हेड म्हणतात, काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. दुसरी एक छोटी पट्टी, जी डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेत बदलते. या दोघांना वीज आणि निरोप पोहोचवणारी असते ती वायर. म्हणून डिस्क दिसत नाही म्हणजे डिस्क मेली, असा अर्थ काढू नये. दोष वायरीत असेल, जोडाच्या तोंडात असेल, पट्टीत असेल, विंडोजच्या नोंदीत असेल, नाहीतर खरोखर डिस्कमध्ये असेल. तपास बाहेरून आत करावा. आपल्याकडे बहुतेक जण आतून बाहेर येतात आणि नुकसान करून घेतात.

पहिला संशय विजेवर घ्यावा. छोट्या डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो. ती संगणकाकडूनच वीज घेते. जुन्या यूएसबी तोंडातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, नव्या, बहुधा आतून निळ्या असलेल्या तोंडातून ९००. डबा-संगणकाच्या पुढच्या बाजूची तोंडे आत लांब वायरीने जोडलेली असतात, त्यांत पुष्कळदा जीव नसतो. आमच्या परिचितांनी तर पुढच्या तोंडाला वर आणखी एक लांब जोडवायर लावली होती. डिस्कचा दिवा लुकलुके, बारीक कुंई असा आवाज येई आणि पुन्हा शांत. पुरेशी वीज न मिळाल्याने चकत्या फिरायला सुरुवात करून थांबत होत्या. मोठ्या आकाराच्या डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. तिथे आधी तो अडॅप्टर तपासावा, आणि दुसरा लावताना व्होल्टचा आकडा व टोकांची दिशा जुळते का ते पाहूनच लावावा. चुकीच्या अडॅप्टरने धडधाकट पट्टी जळते.

दुसरा संशय वायरीवर आणि आपल्या हवेवर. समुद्राकाठी दुकान असणाऱ्यांना लोखंडी शटर किती दिवसांत गंजते हे सांगायला नको. फोटोवाल्यांना लेन्सवरची बुरशी ठाऊक आहे. तीच खारट दमट हवा यूएसबीच्या पितळी टोकांवरही बसते आणि वरून काही दिसत नाही. डिस्क सुटी करून टोकांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका ब्रश फिरवावा, पूर्ण वाळू द्यावा. पाणी, रॉकेल, ओला कपडा यांचे काम नाही. जुन्या डिस्कचे रुंद चपटे तोंड वापरून सैल होते. वायर किंचित हलवली की दिवा जात असेल तर वायर बदला. नवीन वायर घेताना ती फक्त चार्जिंगची नाही ना, हे विचारून घ्या. तशा वायरीने दिवा लागतो, पण निरोप जात नाही, आणि माणूस दिवसभर डिस्कला शिव्या देत बसतो.

आम्ही जोडवायर काढली, डिस्कबरोबर आलेली आखूड वायर शोधली आणि संगणकाच्या मागच्या बाजूला लावली. डिस्क फिरली. तिन्ही फोल्डर पडद्यावर आले.

पण प्रत्येकाचे असे होत नाही. वीज आणि वायर ठीक असून 'धिस पीसी'मध्ये काही दिसत नसेल, तर विंडोजचे बटण आणि एक्स एकत्र दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तिथे डिस्क आहे, तिच्यावर निळी पट्टी आहे, फक्त अक्षर नाही, असे दिसले तर काळजी मिटली. त्या पट्टीवर उजवे बटण दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर' निवडून मोकळे अक्षर द्यावे. तिथे 'रॉ' असे लिहिलेले असेल तर आतली मांडणी विंडोजला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. माल बहुतेक वेळा जागेवरच असतो. 'नॉट इनिशिअलाइज्ड' लिहिले असेल आणि आत आपले काम असेल तर 'इनिशिअलाइज' दाबू नये. आणखी एक गंमत आम्ही पाहिली आहे: मुंबईच्या पार्टीने ॲपलच्या संगणकावर तयार केलेली डिस्क आपल्याकडे येते, विंडोज तिला ओळखत नाही, आणि आपण ती बिघडली म्हणून परत पाठवतो. ती मॅकवर लावून पाहावी.

डिस्क मॅनेजमेंटमध्येही नसेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जाऊन त्या डिस्कची नोंद काढून टाकावी, डिस्क सोडवून संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग जोडावी. याने फक्त विंडोजची नोंद जाते, माल जात नाही. शिवाय दुसऱ्या संगणकावर लावून पाहणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा. दोन संगणक, दोन वायरी, तरीही नाही, तर दोष डबीत आहे असे समजावे. काही कंपन्यांच्या डब्यांत डिस्क काढून दुसऱ्या डबीत घालता येते. पण काहींत यूएसबीचे तोंड डिस्कच्याच पट्टीवर असते आणि मजकूर त्या पट्टीतच कुलूपबंद होतो. तिथे स्क्रू खोलून हाती काही लागत नाही.

आणि आवाज ऐका. टक-टक, टक-टक असा आवाज म्हणजे हेडला जागा सापडत नाही. त्या क्षणी वीज काढा. प्रत्येक नव्या प्रयत्नात चकतीवर ओरखडा पडण्याची भीती असते. डिस्कचे झाकण दुकानात उघडू नये. हेड आणि चकतीतल्या फटीपेक्षा धुळीचा कण कितीतरी मोठा असतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा एक जुना उपाय लोक अजून सांगतात. कोकणच्या हवेत थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरते. हा उपाय करूच नये.

आता पुन्हा दुकानात जाऊ. फोल्डर दिसले म्हणून भाच्याने दुरुस्तीची आज्ञा द्यायला घेतली. ही दुसरी घाई. 'चेकडिस्क'सारखी दुरुस्ती डिस्कवर नव्याने लिहिते. आजारी डिस्क सापडली तर आधी माल बाहेर काढायचा, तोही ज्याची भरपाई होणार नाही तो आधी. गाणी, नमुने, जुने टेम्पलेट यांना हात लावायचा नाही. पहिला निकाह उतरला, दुसरा उतरला. तिसऱ्याच्या मध्यावर आकडा थांबला आणि डबीतून टक-टक सुरू झाली. आम्ही वीज काढली.

तिथून पुढे ते काम तज्ज्ञाचे. पाठवण्यापूर्वी आम्ही त्यांच्याकडून चार गोष्टी लेखी घेतल्या: तपासणीचे किती, माल निघाला नाही तर किती, मूळ डिस्क परत मिळेल का, आणि काढलेली प्रत काम झाल्यावर पुसली जाईल का. शेवटची अट महत्त्वाची. लोकांच्या घरातल्या स्त्रियांचे फोटो ही अमानत आहे. स्वस्तात करतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती ती देता येत नाही.

फोटोवाल्यांचे सोडा, आंब्याचे, मासळीचे, कापडाचे व्यापारीही आता हिशेब डिस्कमध्येच ठेवतात. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. डिस्क बंद पडली ही सबब अधिकाऱ्यापुढे किती टिकेल? दुसरी प्रत हवी, आणि ती त्याच कपाटात नको. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरले. संगणक आणि त्याशेजारची प्रत एकाच टेबलावर असेल तर अशा पुरात दोन्ही एकदम बुडतात. गणपतीपुळ्याच्या दुकानदाराने एक प्रत रत्नागिरीला बहिणीच्या घरी ठेवली तरी काम भागते. अंतर सुमारे २५ किलोमीटर. महिन्यातून एकदा ती आणून लावून पाहावी, उघडते का ते बघावे. कॅमेऱ्याचे कार्ड तर दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय पुसूच नये.

तिसऱ्या निकाहाचे निम्मे चित्रण तज्ज्ञाने काढून दिले. खुत्ब्याचा भाग मिळाला, रुखसतीचा गेला. आमचे परिचित डिस्क घेऊन स्वतः त्या घरी गेले, झालेले सांगितले आणि घेतलेले पैसे पुढे ठेवले. वधूच्या मामांनी पैसे परत केले नाहीत, पण घरातल्या पोरांना हाक मारून ज्यांनी ज्यांनी मोबाइलवर रुखसत टिपली होती त्यांचे तुकडे गोळा करायला सांगितले. अकरा तुकडे जमले. आल्बमच्या शेवटी आता तेच लावलेले आहेत, थोडे हलणारे, एका कडेला कुणाचा तरी अंगठा आलेला.